सारंगाच्या विहिरीवरचा तुंबा

भाजीत घालायची घाई करू नका मित्रांनो, मी आता शिजणाऱ्यांतला राहिलेलो नाही. जातीचा भोपळाच मी, पण वाळून टणक झालेला. बोटानं टिचकी मारली तर डफासारखा वाजतो. वर लहान गोळा, खाली मोठा गोळा आणि मधे आवळलेली कंबर, असा माझा मूळचा बांधा. आमच्या वाशीमकडे अशा वाळक्या भोपळ्याला तुंबा म्हणतात. ज्या वेलीवर मी लागलो त्या वेलीवरचे माझे सगळे भाऊ त्याच हंगामात बाजारात गेले, चण्याच्या डाळीत शिजले आणि कुणाकुणाच्या ताटात वाढले गेले. मी एकटा मागे राहिलो तो एका माणसामुळे. म्हणून माझी गोष्ट सांगायची तर आधी त्याची सांगावी लागते.

त्याचं नाव शालिकराम. वाशीमच्या बाहेर कोसभर अंतरावर माळ्यांची वस्ती आहे, तिथं त्याचा मळा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, दोडके, भोपळे, सगळं त्यात पिकायचं आणि डोक्यावरच्या पाटीतून वाशीमच्या बाजारात जायचं. मळ्याच्या मधोमध दगडी पायऱ्यांची रुंद विहीर. वस्तीतली इतर माणसं जन्मभर या विहिरीचं पाणी भाजीला देत राहिली. शालिकराम मात्र या विहिरीतून निघाला तो थेट समुद्रात गेला.

तरुणपणी तो बैलगाडीनं अकोल्याला गेला, तिथून आगगाडीनं मुंबईला, आणि सरकारी आरमारात खलाशी म्हणून भरती झाला. कोकणातले खलाशी त्याला बघून हसले. म्हणाले, घाटावरचा माळी जहाजावर काय करणार, आळी करून वांगी लावणार? त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'विहिरीतला बेडूक'. पुढे एकदा जहाजाजहाजांच्या खलाशांची पोहण्याची शर्यत लागली. बेडूकही उतरला, आणि पहिला आला! चांदीचा पेला मिळाला. ही हकिगत तो सांगायला लागला की वस्तीतली माणसं चिलमी विझवून ऐकायची.

"समुद्रानं मले उचलूनच धरलं राजेहो!" तो म्हणायचा. "आपल्या विहिरीचं पाणी कंजूस हाये. थे कोनाले हात देत नाई. सारं आपल्यालेच करा लागते. समुद्राचं पानी खारं, थे मानसाले खालून वर ढकलते. कोकणातले पोट्टे लहानपणापासून त्या फुकटाच्या पाण्यात पोहलेले. मी कंजूस पाण्यात शिकलेलो. मंग कोन जिंकन?"

पोहण्याबरोबर तो पळायचाही आणि मल्लखांबावरही चढायचा. जहाजाच्या डोलकाठीवर तर तो असा चढे की खाली उभ्या असलेल्यांच्या माना दुखायच्या. वर्षं गेली तसा तो खलाशाचा सारंग झाला. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. मधे एकदा रजेवर येऊन त्यानं तुळसाबाईशी लग्न केलं आणि पुन्हा गेला. मग पहिली मोठी लढाई लागली. बसऱ्याच्या बाजूला नदीत एक होडी उलटली तेव्हा त्यानं दोन माणसं केसांना धरून काठावर आणली. त्यातल्या एकाचं नावही त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तोफांच्या आवाजानं त्याचा डावा कान मात्र गेला. लढाईबद्दल तो एवढंच सांगायचा. पुढचं कुणी विचारलं तर डावा कान पुढे करायचा.

लढाई संपली आणि तो पत्र्याची पेटी घेऊन घरी परत आला. त्याच सालचा माझा जन्म. मांडवावर मी चांगला धरला, तेव्हा तुळसाबाईनं माझ्या देठाला लाल चिंधी बांधली. चिंधी बांधलेलं फळ कुणी तोडायचं नाही, ते बियाण्यासाठी वेलीवरच वाळू द्यायचं, अशी माळ्यांच्या घरची रीत. शालिकराम मांडवाखालून जाता जाता थांबला. त्यानं मला खालून वरून चाचपलं, कंबरेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "बियाले दुसरा ठेव. हा माह्या कामाचा हाये."

"लढाईहून आले अन् आता भोपळ्यासंगं काय काम काढलं बाप्पा?" तुळसाबाई म्हणाली.

"याच्या पाठीवर बसून अर्धी वस्ती पोहन," तो म्हणाला. "म्हंजे, हा त्यायच्या पाठीवर बसन."

झालंही तसंच. मला वेलीवर वाळू दिलं, मग छपराला टांगलं, मग चुलीवरच्या धुरात ठेवलं, म्हणजे कीड लागत नाही. वरून जवसाचं तेल चोळलं. माझ्या पोटातलं बी आतल्या आत वाळून खुळखुळायला लागलं. पुढे उन्हाळा आला, विहिरीचं पाणी पोरांना सोसेल इतकं कोमट झालं, आणि मी कामावर रुजू झालो.

काम काय ते ऐका. नव्यानं पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीवर मला बांधायचं, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. दोर माझ्या कंबरेतून काढून पोराच्या छातीभोवती आणि बगलेखालून घ्यायचा. मग पोर बुडत नाही. हातपाय मारायला शिकतं. थोडे दिवस झाले की मला सोडून ठेवायचं. दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला शालिकराम मला हौदात बुडवून धरायचा आणि बुडबुडा येतो का ते बघायचा. "जहाज असो का तुंबा असो," तो म्हणायचा, "पाण्यात घालायच्या आधी पाह्यलंच पाहिजे."

मळ्यातल्या कडूनिंबाला त्यानं बांबू बांधला होता. पोहणं असेल त्या सकाळी त्यावर पांढरं फडकं चढवायचा. ते दिसलं की वस्तीतली पोरं न्याहारी टाकून पळत यायची. पायरीवर ओळीनं उभी राहायची. हजेरी व्हायची. नाक पुसलेलं नसेल त्याला पाण्यात प्रवेश नाही.

आणि मित्रांनो, माझ्या खाली पाण्यात उतरलेलं पहिलं पोर कोण असेल? त्याची स्वतःची लेक, मनकर्णा. चार वर्षांची, हडकुळी, डोळे मोठे. आजूबाजूचे म्हणाले, "सारंगबुवा, पोरीले कायले शिकवता पोहणं? तिले का जहाजावर धाडता?"

शालिकराम हसून म्हणाला, "विहीर इचारते का, पोरगी हायेस का पोरगा हायेस म्हणून?"

पुढे पुढे इतरांच्याही पोरी आल्या.

मनकर्णा माझ्याशी फार दिवस राहिली नाही. आठवडाभरातच मला झुगारून ती मोकळी पोहायला लागली. आठ वर्षांची असताना तिनं मोटेच्या लाकडावरून सूर मारला तेव्हा बाप इतका आनंदला की त्यानं तिच्याऐवजी मलाच उचलून नाचवलं. पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगं रंगवून झाली की उरलेला गेरू तो मलाही लावायचा, गळ्यात झेंडूची माळ घालायचा आणि म्हणायचा, "यानं बी सालभर राबराब राबलं हाये." बैल माझ्याकडे बघायचे. त्यांना काय वाटायचं कोण जाणे, पण मला फार छान वाटायचं!

अशी माझी उमेदीची वर्षं गेली. पन्नाशी उलटली तरी शालिकराम भाजीची पाटी डोक्यावर घेऊन वाशीमपर्यंत पळत जायचा. मागून निघालेल्या बैलगाड्या बाजारात पोचायच्या तोवर त्याची मेथी विकून झालेली असायची. पहाटे जोर, बैठका. संध्याकाळी मुगदल. मनकर्णाला त्यानं वाशीमच्या शाळेत घातलं आणि पुढे अमरावतीच्या कॉलेजात. लोक पुन्हा बोलले. पण आता त्यांना त्याची सवय झाली होती, त्यामुळे हळू बोलले.

मग तिचं लग्न झालं. नवरा वाशीमच्या कचेरीत कारकून, स्वभावानं गरीब. आणि मग तिला मुलगी झाली. नाव ठेवलं आवडी.

इथून पुढे मित्रांनो, मनकर्णेचं काय झालं ते मला नीट समजायला वेळ लागला. सूर मारणारी ती पोर आई झाली आणि एकदम बदलली. पाणी उकळल्याशिवाय बाळाला द्यायची नाही. पाळण्याच्या दोऱ्या रोज ओढून बघायची. बाळ झोपलं की नाकापाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची, आणि चालू आहे म्हणून कळल्यावर पुन्हा एकदा बघायची. माहेरी मळ्यात आली की तिचे डोळे आधी विहिरीकडे, मग आवडीकडे, पुन्हा विहिरीकडे. वाचलेलं, शिकलेलं, सगळं तिच्यापाशी होतं. पण या भीतीवर ते चालत नव्हतं. ती भीती तिला बाळाबरोबरच झाली होती.

आवडी चार वर्षांची झाली तेव्हा शालिकरामानं मला हौदात घालून तपासलं, तेल लावलं आणि लेकीपुढे आणून ठेवलं.

"मने, यंदा आवडीले उतरू दे पाण्यात."

"पुढच्या साली, बा. तिले खोकला हाये."

पुढच्या साली आवडीला खोकला नव्हता. तेव्हा मनकर्णा म्हणाली, "पाणी थंड हाये अजून."

"चैताचं ऊन पाह्य कसं पडून राह्यलं. विहिरीतले मासे घामेजले असतीन."

"बा, तुमी हसू नका. माहं काळीज जाग्यावर राहत नाई. पुढच्या साली नक्की."

शालिकरामानं तिच्याकडे बघितलं. त्यानं तिला सक्ती केली नाही. फक्त म्हणाला, "तुले जवा वाटन तवा. मी हावोच."

पण तो नव्हता. त्याच वर्षी मार्गशीर्षात, पहाटेच्या बैठका आटोपून तो कोवळ्या उन्हात घोंगडीवर बसला, तुळसाबाईला म्हणाला, "जरा गूळ दे," आणि गूळ आणेपर्यंत गेला. सत्तरी गाठलेला माणूस, एक दिवसही अंथरुणाला खिळला नाही. वस्तीतली कितीतरी बाप्यामाणसं त्या दिवशी विहिरीच्या काठाशी उभी राहून रडली. त्यांतल्या प्रत्येकाच्या पाठीला मी ओळखत होतो.

सासू एकटी कशी राहणार म्हणून मनकर्णेचा नवराच म्हणाला की आपण मळ्यात राहायला जाऊ, मी सायकलनं कचेरीत जाईन. म्हणजे आता विहीर रोजचीच झाली. मनकर्णेनं काय केलं असेल? तिनं आवडीच्या पायात घुंगरू बांधले. पोरगी कुठंही असली तरी छुमछुम ऐकू यावी. ती भाकरी थापायची, पण कान घुंगरांवर. वाचायला पुस्तक घ्यायची, पण पान उलटायची नाही. शेजारच्या नथ्थूची बायको सोजरबाई तर एकदा म्हणालीच, "बाई, तुमच्या घरी पोरगी हाये का दमणीले जुपलेला बैल?"

त्या वेळी मी कुठं होतो? सांगायला संकोच वाटतो. तुळसाबाईनं घर आवरताना मला चुलीवरच्या खुंटीवरून काढलं. नवऱ्याच्या वस्तूंना हात लावला की तिला भरून यायचं. मला बघून मात्र तिचा हात सवयीनं चालला. माळणीच्या घरात रिकामा तुंबा दिसला की त्यात बी भरायचं, ही तिच्या आईपासूनची रीत. तिनं माझ्या वरच्या गोळ्याला गरम सळईनं भोक पाडलं, आत वालाचं बी भरलं, वर शेणामातीचं बूच लावलं आणि मला माळ्यावर ठेवून दिलं. निम्म्या वस्तीला तरंगवणारा मी, बियाण्याचा डबा झालो. अंधारात उंदीर माझ्याभोवती फेऱ्या घालायचे. मी ऐकत राहायचो, ती छुमछुम.

वैशाखातल्या एका सकाळी ती छुमछुम थांबली.

आधी मनकर्णेची हाक आली. मग भांडं पडल्याचा आवाज. मग पळणारी पावलं. आवडी सापडली विहिरीत, पाण्यालगतच्या पायरीवर, पाय पाण्यात सोडून बसलेली. दोन्ही घुंगरू काढून तिनं बाजूला नीट ठेवले होते.

"घुंगरू काहून काढले तू?" मनकर्णेनं विचारलं.

"वाजते तं तू येतेस," आवडी म्हणाली. "मले पाणी पाहू देत नाईस."

मनकर्णेनं तिला उचलून छातीशी धरलं आणि पायरीवरच बसून राहिली. तुळसाबाई वर काठावर आली, तिनं दोघींना बघितलं.

मग मनकर्णा म्हणाली, "माय, तिचे पाय कुठवर बांधून ठिवू? उद्या हे दुसरी शक्कल काढन. बाचा तुंबा कुठी हाये?"

तुळसाबाईनं तोंडावर पदर धरला. "अवं मी त्याच्यात वाल भरले नं!"

"वाल?"

"रिकामा दिसला, भरले. मायी आकलच गेली व्हती त्या दिवसात."

मनकर्णा एकदम हसायला लागली. बापाच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच अशी हसली. मायलेकी दोघीही हसल्या, मग दोघींनी डोळे पुसले. मला माळ्यावरून खाली काढलं. वाल सुपात ओतले. भोक लाखेनं बुजवलं. काजळी धुतली, तेल चोळलं. मनकर्णेनं मला हौदात दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि नाक पाण्याला लावून बघत बसली. एकही बुडबुडा आला नाही. तरी तिनं मला दुपारी पुन्हा बुडवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आणखी एकदा. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. म्हातारा झालो होतो, पण पाण्यातला मान राखला होता.

ऊन चांगलं वर आल्यावर आम्ही विहिरीत उतरलो. वर काठावर तुळसाबाई आणि सोजरबाई. आवडी परकर खोचून, दात दाखवत उभी. मनकर्णेनं मला तिच्या पाठीवर ठेवलं आणि दोर आवळला. गाठ मारली. मग तिला वाटलं, सैल तर नाही? पुन्हा आवळला. माझ्या कंबरेभोवती आणखी एक वेढा दिला आणि गुडघा टेकून सगळ्या ताकदीनं ओढला.

"पोट्टीले बांधून राह्यली का गवताचा भारा?" वरून सोजरबाई म्हणाली.

त्याच वेळी माझ्या कंबरेत बारीकसं 'कर्र' झालं. कुणालाही ऐकू गेलं नाही. मित्रांनो, आम्हा वस्तूंना तोंड नसतं याचं मला जन्मात एवढं दुःख कधी झालं नव्हतं.

दोराचं दुसरं टोक मनकर्णेनं स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभी राहिली. ती स्वतः पाण्यात उतरणार नव्हती. लग्नानंतर ती कधी पोहली नव्हती, आणि आता आपल्याला येत नसेल अशी तिची खात्री झाली होती. आवडीनं पाणी कवटाळलं आणि निघाली. हात मारते आहे, पाय मारते आहे, हसते आहे, नाकातोंडात पाणी जातं आहे, तरी हसते आहे. मधल्या खोल पाण्यावर पोचली. मी तिला धरून होतो. पण माझ्या कंबरेतल्या फटीतून पाणी आत यायला लागलं होतं. थंडगार, थेंबथेंब, मग धारेनं. मी जड होत चाललो. माझ्या खाली तिचे खांदे दबायला लागले.

काठावरच्या दोघी पोरीचं कौतुक करत होत्या. मनकर्णा कौतुक करत नव्हती. तिनं डोळ्याची पापणीही मिटली नव्हती. आवडीच्या पाठीमागे पाण्यावर एक बुडबुडा आला. फुटला. दुसरा आला. मग त्यांची ओळ लागली. पोरीच्या हातापायानं होणारे बुडबुडे पसरट असतात. हे एकाच जागेवरून येणारे होते, बारीक.

"तुंबा फुटला!" ती ओरडली आणि तिनं मनगटाचा दोर ओढला.

दोराचा सगळा ताण माझ्या कंबरेवर आला. मी दुभंगलो. वरचा गोळा एकीकडे, खालचा दुसरीकडे. मी मधून गेलो तसा दोर सैल पडला, आवडीच्या बगलेतून निसटला आणि रिकामाच मनकर्णेच्या हाती आला.

तिनं दोराकडे बघितलं नाही. लुगड्याचा काष्टा होता तसाच, अंगावर कुंकवाच्या डबीपासून किल्ल्यांपर्यंत सगळं असताना, तिनं पायरीवरून सूर मारला. मी तिथंच होतो, अर्धा भरून कलंडलेलो, म्हणून तुम्हाला डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. आठ-नऊ वर्षं जे अंग पाण्याला लागलं नव्हतं, ते पाण्यात पडताच कामाला लागलं. तिला काही आठवावं लागलं नाही. दोन हात मारले आणि ती पोरीपाशी होती.

आवडी एकदा खाली जाऊन वर आली होती. डोळे वटारलेले, तोंडातून पाण्याची पिचकारी, पण हातपाय चालूच होते. मनकर्णेनं तिच्या पोटाखाली तळहात दिला आणि हनुवटी वर धरली. पोरगी खोकली. खोकून झाल्यावर आईकडे वळून बघत राहिली. जणू दुसरीच कुणी बाई बघते आहे.

"आई," ती म्हणाली, "तुले बी पोहता येते?"

विहिरीच्या दगडांतून तो प्रश्न दोनदा घुमला. वर तुळसाबाई रडत होती का हसत होती ते मला खालून दिसलं नाही. सोजरबाई तिला म्हणत होती, "आता रडता कायले माय? पाहा नं खाली, दोघी बी वर हायेत."

मला वाटलं, आता मनकर्णा पोरीला घेऊन बाहेर येईल, अंग पुसेल आणि विहिरीवर झाकण घालायला सुतार बोलावेल. ती पायरीकडे वळली, दोन हात मारले, आणि मधेच थांबली.

"आवडे," ती म्हणाली, "पाय असे नाई. बेडकासारखे. मी खालून हात धरून हावो. मार."

आवडीनं पाय मारले.

"मान वर. माह्याकडे नको पाहू. समोर पाह्य."

त्या सकाळी दोघी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या. किल्ल्यांचा जुडगा विहिरीच्या तळाशी गेला होता आणि घराचं कुलूप दगडानं फोडावं लागलं. मनकर्णेचा नवरा संध्याकाळी सायकलवरून आला, फुटलेलं कुलूप बघितलं, ओली लुगडी बघितली आणि घाबरून म्हणाला, "चोरी झाली का?" सगळं कळल्यावर त्या गरीब माणसानं आवडीला जवळ घेतलं. जरा वेळानं म्हणाला, "मलाही येत नाही पोहता." आवडी त्याला म्हणाली, "मंग उद्या येजा."

दुसऱ्या दिवशी उजाडलं तर पायरीवर सोजरबाई आपली दोन पोरं घेऊन हजर.

"सारंगबुवा गेले तवापासून हे पोट्टे नुसते काठावर बसून राह्यतात, बाई. पाण्यात ढकलाची माही हिंमत नाई. तुमी घेता का?"

मनकर्णेनं लगेच होकार दिला नाही. आधी एकेकाच्या कपाळाला हात लावून ताप बघितला, नखं बघितली, कानात कापूस आहे का विचारलं. सोजरबाईनं डोक्याला हात लावला. मग मनकर्णा म्हणाली, "एका वेळी एकच. बाकीचे वर बसतीन. अन् जो वर बसन त्यानं पाण्यातल्यावरची नजर काढायची नाई. ज्यानं काढली त्याले त्या दिशी पाणी नाई."

ही अट तिची स्वतःची आहे. तिच्या बापानंही कधी घातली नव्हती. आज त्या विहिरीवर सकाळी गेलात तर एक पोर पाण्यात असतं आणि वर ओळीनं बसलेली बाकीची पोरं घुबडासारखे डोळे करून त्याच्याकडे बघत असतात. लांबून बघणाऱ्याला हसू येतं. मी हसत नाही. मला त्या नजरेची किंमत ठाऊक आहे.

मी आता तरंगण्याच्या कामाचा नाही. वरचा गोळा तळाशी गेला, किल्ल्यांच्या सोबतीला. खालचा अर्धा मात्र नथ्थूनं गळ टाकून काढला, त्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. आता मी पहिल्या पायरीवर असतो. पाण्यात उतरायच्या आधी मनकर्णा माझ्यात पाणी घेते आणि पोराच्या डोक्यावर ओतते, म्हणजे अंगाला पाण्याची ओळख होते. पोरं शहारतात, किंचाळतात, आणि पुन्हा घाला म्हणतात.

मित्रांनो, जाता जाता एवढंच मागतो. तुमच्या घरी कुठं धुरात, माळ्यावर, खुंटीवर एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला कामावर घेण्यापूर्वी नीट बघा. बांधाल तर ती सोसेल एवढंच आवळा. आणि तुमची आई काठावर उभी राहून सारखी तुमच्याकडे बघत असेल, हाका मारत असेल, पुढे जाऊ नको म्हणत असेल, तर तिच्यावर चिडू नका. तिला हाताला धरून पाण्यात बोलवा.

तिला बहुतेक पोहता येतं. तुम्ही अजून विचारलेलं नसतं.